पहिला की दुसरा

तिचा नवरा तिला मोनो म्हणायचा, म्हणजे एकाच बाजूचा आवाज. मित्रांसमोर तर हटकून म्हणायचा. "आमच्या मोनोच्या मागून ट्रक गेला तरी तिला तो समोरूनच गेल्यासारखा वाटतो," असं तो म्हणाला की मित्र हसायचे, आणि चहाचे कप गोळा करता करता तीही हसायची. तिला उजव्या कानानं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. कुणी हाक मारली तर हाक कळायची, पण कुठून आली ते कळायचं नाही, आणि मग ती भलत्याच दाराकडे बघून "ओ" द्यायची. तेही हसण्यासारखंच होतं म्हणा.

नवरा ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा घेणारा इन्स्पेक्टर होता. दिवसभर घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसायचं आणि त्यांना नापास करायचं, हे त्याचं काम. संध्याकाळी घरी आला की बूट काढता काढता आज कोण कसा रडकुंडीला आला त्याचं साग्रसंगीत वर्णन करायचा. पण ते झालं पोटापाण्याचं. त्याचा खरा जीव होता घरातल्या मोठ्या खोलीत.

त्या खोलीत समोर तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात खर्जाच्या आवाजासाठी गुडघ्याएवढा सबवूफर, आणि बरोबर मध्ये एकच खुर्ची होती. खुर्चीच्या चार पायांखाली जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा होत्या. झाडताना खुर्ची बोटभर जरी सरकली तरी त्याला आवाजावरून कळायचं. निदान तो तसं म्हणायचा. खिडक्यांना छतापासून जमिनीपर्यंत दुहेरी अस्तराचे पडदे होते. ते तिनंच शिवलेले. दुकानांसाठी पडदे शिवणं हा तिचा धंदा होता, आणि तिची शिलाई मशीन स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधल्या बोळात होती, कारण मोठ्या खोलीत मशीन ठेवली तर म्हणे आवाज तिच्यावर आपटून खराब होतो.

त्याचा छंद असा: सिनेमाच्या बऱ्याच डिस्कवर एकाच सिनेमाचा आवाज दोन तऱ्हांनी भरलेला असतो, एक डॉल्बी आणि एक डीटीएस. दोन्हींत पाच बाजूंनी आवाज येतो. फरक असलाच तर बारीक असतो. वाऱ्याची शीळ कुठे संपते, बंद झालेल्या दाराचा घुमारा खोलीत किती वेळ राहतो, असला. जगातल्या निम्म्या शौकिनांचं म्हणणं असा फरक ऐकू येतच नाही, उरलेल्यांचं म्हणणं येतो. हा त्या उरलेल्यांचा सेनापती होता. कुठलीही डिस्क लावा, मला डोळे मिटून बसवा, पहिला ट्रॅक चालू आहे की दुसरा ते मी सांगतो, असा त्याचा दावा होता. आणि खरं सांगायचं तर तो दावा पोकळ नव्हता. टीव्ही बंद ठेवून तो सिनेमे ऐकायचा. दहातून नऊ वेळा त्याचं बरोबर यायचं.

हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण बटण तिच्या हातात असायचं. आधी ती खुर्चीच्या पाठीशी आवाज मोजायचं मीटर धरून उभी राहायची आणि तो दोन्ही ट्रॅकची पातळी सारखी करून घ्यायचा. जे थोडं मोठ्यानं वाजतं ते माणसाला उगाचच जास्त चांगलं वाटतं, म्हणून. मग तो खुर्चीत बसून डोळ्यांवर पट्टी बांधायचा. ती समोरच्या रॅकजवळ जायची. कोणता ट्रॅक चालू आहे ते दाखवणाऱ्या रिसीव्हरच्या दिव्यावर तिनंच शिवलेला काळ्या कापडाचा तुकडा असायचा. आवाज बंद करून ती ट्रॅक बदलायची किंवा मुद्दाम तोच ठेवायची, कापड उचलून कोणता आहे ते बघायची आणि प्रसंग पहिल्यापासून लावायची. तो ऐकायचा. "दुसरा," म्हणायचा. ती म्हणायची, "बरोबर."

पट्टीखालून तो कधी बघायचा नाही. त्या एका बाबतीत माणूस चोख होता. आणि तिच्यावर त्याचा पूर्ण भरवसा होता. प्रेमापोटी नाही, ही बाई खोटं बोलू शकेल एवढी अक्कल तिला आहे असं त्याच्या मनातच कधी आलं नव्हतं.

तिचा कान कसा गेला ते लोकांना माहीत नव्हतं. तापात गेला, असं ती सांगायची. मुलीलाही तिनं तेच सांगितलं होतं. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. त्यानं नुकताच पहिला अॅम्प्लिफायर आणला होता. चालू असला की तो छान गरम व्हायचा, आणि बाहेर सारखं दमट, बाळाची दुपटी वाळता वाळत नव्हती. तिनं एक दुपटं त्यावर पसरलं. तो घरात आला. "कानाखाली आवाज काढीन," असं लोक म्हणतात, रागात म्हणतात आणि सोडून देतात. त्यानं काढला. उघड्या पंज्यानं, सगळ्या ताकदीनिशी. तिला फटक्याचा आवाज ऐकूच आला नाही, एक उंच बारीक शिट्टी तेवढी ऐकू आली. ती पुष्कळ दिवस वाजत राहिली. मग कानातून पाणी आलं आणि नंतर शिट्टीही थांबली. तिनं त्याला सांगितलं तेव्हा तो तारा सोलत होता. "थंडी बसली असेल, कापूस घाल," तो म्हणाला.

त्यावर कधी बोलणं झालं नाही. वर्षं गेली. मुलगी शिकली, फिजिओथेरपिस्ट झाली, दुसऱ्या गावी जागा घेऊन राहू लागली. अॅम्प्लिफायर बदलले. मोनो हे नाव मात्र पडलं ते पडलंच.

एका रविवारी त्याचे दोघे मित्र आले होते. एक दातांचा डॉक्टर होता, सावकाश बोलणारा, आणि दुसरा प्लायवूडचा दुकानदार, ज्याला कशावरही हसू यायचं. त्या दिवशी नवऱ्याला नवी गंमत सुचली. त्यानं तिला त्या मधल्या खुर्चीत बसवलं. आजवर ती त्या खुर्चीत कधी बसली नव्हती. "घोडा कुठून कुठे गेला ते बोटानं दाखव," तो म्हणाला आणि घोड्याच्या टापांचा प्रसंग लावला. घोडा मागून उजवीकडून निघून सगळ्या खोलीला वळसा घालून जात होता. तिनं डावीकडे बोट केलं. मग परत डावीकडे केलं. हसून हसून प्लायवूडवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी, घोडा तुमच्या डोक्यावरून गेला हो!" डॉक्टर म्हणाला, "पुरे रे." पण हसला तोही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्यानं नवी डिस्क लावली, डोळ्यांवर पट्टी बांधली. जहाज बुडतं तो प्रसंग होता. तो मान तिरकी करून ऐकत होता. "दुसरा," तो म्हणाला. "पाणी मागच्या भिंतीवर आपटतंय बघ. दुसरा."

तिनं कापड उचललं. दुसराच होता.

"नाही," ती म्हणाली. "पहिला."

तिनं ते ठरवलेलं नव्हतं. तोंडातून शब्द गेला आणि मग तिला तो ऐकू आला. त्यानं पट्टी वर केली आणि रिसीव्हरकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. "पहिला?" एवढंच म्हणाला. चेहऱ्यावर राग नव्हता. गर्दीत खिसा चाचपल्यावर हाताला काहीच लागू नये, तसा तो चेहरा होता. रात्री जेवताना तिनं नेहमीपेक्षा जास्त खाल्लं.

पुढे मग तिनं ते काम मन लावून केलं. शिलाईत जशी ती घाई करत नसे, तशी इथेही केली नाही. एकदम सगळं चुकवलं असतं तर त्याला वास आला असता. म्हणून आधी चारातलं एक चुकवायचं. मग दोन. मध्येच एखाद्या संध्याकाळी सगळं बरोबर सांगायचं, म्हणजे गडी खुलायचा, शीळ घालत आंघोळीला जायचा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला जास्तीत जास्त खात्री वाटेल अशी जागा निवडून तिथे म्हणायचं, "चुकलं." खात्री असताना चुकलं की त्याला सगळ्यात जास्त लागतं, हे तिला लवकरच कळलं.

त्यानं तारा बदलल्या. मागचे स्पीकर भिंतीवरून उतरवून स्टँडवर ठेवले, पुन्हा भिंतीवर चढवले. पडद्यांना तिसरं अस्तर लावून घेतलं. तिनं लावून दिलं. मग एक दिवस कानाच्या तपासणीला जाऊन आला. तिथली बाई म्हणाली होती, तुमच्या वयाला कान उत्तम आहेत. "त्यांच्या मशीनला काय कळतंय," तो ओट्याला टेकून म्हणाला. "टीं टीं वाजवतात आणि बटण दाबायला सांगतात. टीं टीं तर कुणालाही ऐकू येतं." मग जरा थांबून म्हणाला, "वय झालं गं माझं."

"छे हो," ती म्हणाली. "परत एकदा करून बघू या का?"

आणि लोकांना खरं वाटणार नाही, पण तो माणूस मवाळ झाला. ऑफिसमधल्या गोष्टी सांगणं बंद झालं. एकदा मात्र म्हणाला, आज एक म्हातारा होता, हात कापत होते त्याचे, मी पास करून टाकला. सकाळी उठून चहा करायला लागला. तिच्या मशीनवरचा दिवा गेला होता तो न सांगता बदलला. एकदा बोळातून जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बसून बसून पाठ दुखत असेल तुझी." संसारात पहिल्यांदाच. दुसऱ्या कुणाचं मन तिथे द्रवलं असतं. तिचंही थोडं द्रवलं. त्या संध्याकाळी तिनं त्याची सहा उत्तरं घेतली. सहाही बरोबर होती. तिनं पाच चूक सांगितली.

याच सुमारास मुलगी चार दिवस राहायला आली. आल्या आल्या म्हणाली, "आई, बाबांना काय झालंय? किती छान वागतायत!" तिला बरं वाटत होतं. बाप चहाचा कप तिच्या हातात आणून देत होता, हे तिनं लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी गंमत म्हणून तीही मोठ्या खोलीत आली आणि रॅकपाशी आईच्या शेजारी उभी राहिली. बापानं पट्टी बांधली.

"पहिला," तो म्हणाला.

आईनं कापड उचललं. मुलीनंही वाकून बघितलं. पहिला होता.

"दुसरा होता हो," आई म्हणाली.

मुलीनं चमकून आईकडे पाहिलं. आईनं तिच्याकडे पाहिलं, आणि नजर हलवली नाही. खुर्चीतल्या माणसानं डोळ्यांवर पट्टी तशीच असताना एक सुस्कारा सोडला. पुढची सगळी उत्तरं होईपर्यंत मुलगी तिथे उभी राहिली, आणि मग स्वयंपाकघरात आईच्या मागोमाग आली.

"आई, ते बरोबर सांगत होते."

"हो."

"सगळीच बरोबर होती."

"एक चुकलं होतं. मधलं."

"मग तू..." मुलीनं आवाज खाली आणला. "किती दिवस चाललंय हे?"

आईनं भांडं विसळून पालथं घातलं. मग तिनं सांगितलं. ओलं दुपटं, गरम अॅम्प्लिफायर, कापूस. वाढवून काही सांगितलं नाही, वाढवण्यासारखं त्यात नव्हतंच. मुलगी ओट्याला धरून उभी होती. "ते दुपटं माझं होतं," ती म्हणाली आणि रडायला लागली. आई तिला जवळ घ्यायला गेली, तर मुलगी जरा मागे सरकली. मुद्दाम नसेल, पण सरकली.

"थांबव आता," ती डोळे पुसून म्हणाली. "सांग त्यांना. भांड, ओरड, काय करायचंय ते कर. पण हे असं नको. मला भीती वाटते बघ याची."

"थांबवणार आहे," आई म्हणाली. "या रविवारनंतर."

रविवारी दातांच्या डॉक्टरच्या घरी बैठक होती. त्यानं नवी सिस्टिम घेतली होती आणि पंधरा-वीस शौकीन बोलावले होते. वर्षानुवर्षं इन्स्पेक्टरचा दावा ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते. आता सगळ्यांसमोर एकदा होऊनच जाऊ दे, असं प्लायवूडवाल्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. नवरा जायला तयार नव्हता. पोट बिघडल्याचं सांगून टाक, म्हणाला. ती त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती.

"असं कसं? लोक वाट बघतायत. तुमच्यासारखा कान आहे का कुणाला?"

"आता नाही गं राहिला," तो म्हणाला. "मला जे वाटतं त्याच्या उलटच निघतं."

"मग उलट सांगा," ती म्हणाली, आणि कॉलरवरून इस्त्री फिरवली.

हे ती सहज म्हणाली की ठरवून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तो मात्र इस्त्रीच्या टेबलापाशी थबकला.

डॉक्टरच्या घरी खुर्ची मांडलेली होती. बाकीचे भिंतीला लागून बसले, काही जमिनीवर. बटण डॉक्टरच्या हातात होतं, आणि घोटाळा नको म्हणून प्लायवूडवाला त्याच्या शेजारी दिव्याकडे डोळे लावून उभा. नवऱ्यानं पट्टी बांधली. त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला तिला मागून दिसत होता.

पहिला प्रसंग लागला. पावलं, जिना, वर कुठेतरी आपटलेलं दार. तो मान तिरकी करून ऐकत होता. मग म्हणाला, "पहिला."

"चूक," डॉक्टर म्हणाला.

दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "दुसरा." तेही चूक. तिसऱ्या वेळी एकजण खोकला. चौथ्या वेळी प्लायवूडवाल्यानं तोंडावर हात ठेवला, पण ते हसू हातात मावणारं नव्हतं. पाचव्यानंतर सगळी खोलीच हसायला लागली. "इन्स्पेक्टरसाहेब, नापास!" मागून कुणीतरी ओरडलं. "पुन्हा सहा महिन्यांनी या!" त्याची मान खाली गेली, पण तो उठला नाही, आठही वेळा बसून राहिला आणि आठही वेळा चुकला. प्लायवूडवाला गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला, "अरे, सगळीच्या सगळी चुकायलासुद्धा कान लागतो रे बाबा!" आणि खोली पुन्हा फुटली.

त्यानं पट्टी काढली तेव्हा डोळे लाल होते. खाणं न घेताच दोघं निघाले. दारात डॉक्टर तिला हळूच म्हणाला, "वहिनी, सांभाळा त्याला." तिनं मान हलवली.

गाडी चालवताना तो नियमानं चालवायचा, वळायच्या कितीतरी आधी दिवा दाखवायचा, रिकाम्या चौकातही थांबायचा. आज एका बंद दुकानासमोर त्यानं गाडी एकदम कडेला घेतली. इंजिन बंद केलं. गाडीत तो तिच्या बहिऱ्या बाजूला यायचा, म्हणून तिला मान पूर्ण वळवून ऐकावं लागत होतं.

"आठच्या आठ चुकले," तो म्हणाला. "नुसतं अंदाजानं बोललो असतो तरी तीन-चार बरोबर आले असते."

तिनं आपल्या बाजूची काच वर केली.

"मी उलट सांगत होतो. तू म्हणालीस तसं. मला पहिला वाटला की दुसरा म्हणत होतो. आणि सगळं चुकलं. म्हणजे मला वाटत होतं ते..." तो थांबला. त्याचे ओठ हलत होते. "सगळं बरोबर होतं. मला सगळं ऐकू येत होतं." मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. "मग घरी कसा चुकत होतो मी?"

या क्षणाची ती किती महिने तयारी करत होती. मशीनवर बसल्या बसल्या तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती.

"चुकत नव्हता," ती म्हणाली. "मी खोटं सांगत होते. रोज. तुम्ही माझा कान घालवलात, म्हणून मी तुमचा घालवला. तुम्हाला आठवतही नसेल. अॅम्प्लिफायरवर दुपटं वाळत घातलं म्हणून कानफटात मारली होतीत. थंडीनं नाही गेला माझा कान. तापानं नाही. तुमच्या हातानं गेला."

तो हात उचलेल असं तिला वाटलं, आणि उचलावा असंही वाटलं. तो ओरडेल, नाहीतर रडेल. काहीतरी करेल.

त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले आणि हसायला लागला. मोठ्यानं, मोकळं. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता.

"म्हणजे माझे कान शाबूत आहेत!" तो म्हणाला. "अगं बाई! मला वाटलं मी संपलो! दहातले किती बरोबर होते? खरं सांग. नऊ?"

"अहो, मी काय सांगितलं ते ऐकलंत का?"

"ऐकलं, ऐकलं. ते बघू नंतर. नऊ की दहा?"

तिला उत्तर द्यायचं नव्हतं. "नऊ," ती म्हणाली.

त्यानं तिथूनच डॉक्टरला फोन लावला. "अरे, हिनं मला मामा बनवलं! माझ्या मोनोनं! सगळी उत्तरं उलटी सांगत होती रे घरी, माझा पार आत्मविश्वास घालवला! काय डोकं आहे बघ बाईचं! मी म्हणालो होतो ना तुला... नाही, नाही, पुढच्या रविवारी परत घे. सगळ्यांना बोलव. हो, तिलाही आणतो!" फोन ठेवून त्यानं दिवा दाखवला, आरशात पाहिलं, गाडी रस्त्यावर घेतली आणि घर येईपर्यंत त्या जिन्यावरच्या पावलांबद्दल बोलत राहिला.

पुढच्या रविवारी आठच्या आठ बरोबर आले. खोलीनं टाळ्या वाजवल्या. मग त्यानं तिला पुढे ओढलं आणि सगळा किस्सा रंगवून सांगितला: ती कशी कापड उचलायची, कसं तोंड गोरंमोरं करून "चुकलं हो" म्हणायची, आपण कसे तारा बदलत बसलो, कसे तपासायला गेलो. "आणि कारण काय माहितीये का?" तो म्हणाला. "तरुणपणी एक थप्पड मारली होती म्हणे मी! मला आठवतही नाही. बाईनं पंचवीस-सव्वीस वर्षं जपून ठेवली! आता घरात हिचं ऐकण्याआधी दहा वेळा विचार करायला हवा."

लोक हसले. एक बाई म्हणाली, "बरोबर केलंत हो तुम्ही!" आणि म्हणता म्हणता स्वतःही हसली. डॉक्टर हसला नाही. तो हातातल्या डिस्कची कड रुमालानं पुसत राहिला, आणि तिला वाटलं की आता हा काहीतरी बोलेल. त्यानं डिस्क खोक्यात ठेवली आणि विचारलं, "पुढची कुठली लावू?"

त्या आठवड्यात नवऱ्यानं चहा करणं सोडलं. ऑफिसच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या. एका म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा नापास केल्याची तर जेवण होईपर्यंत चालली. बटणाचं काम आता प्लायवूडवाला येऊन करायचा. "तुझी सुट्टी," नवरा तिला म्हणाला. "तू काय बाई, धोकादायक आहेस!" आणि त्यानं तिच्या गालावर चापटी मारली. हळूच, लाडानं, उजव्या गालावर.

ती मुलीकडे निघून गेली. भांडण झालं नाही. हातातलं पडद्यांचं काम पुरं करून दुकानात पोचवलं, मशीन बोळात तशीच ठेवली, कपडे भरले आणि सांगितलं, "मी जातेय." तो म्हणाला, "बरं, किल्ली ठेवून जा." दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज मोजायचं मीटर कुठल्या कपाटात आहे ते हवं होतं. तिनं सांगितलं. त्यानं थँक्यू म्हटलं.

मुलीनं तिला आपली खोली दिली आणि स्वतःचं अंथरूण हॉलमध्ये घातलं. फार जपत होती आईला. चालताना नेहमी डाव्या बाजूला राहायची, म्हणजे बोललेलं ऐकू यावं. कानाच्या डॉक्टरची वेळही घेऊन ठेवली होती. पण दिवसातून दोन-तीनदा तरी आईच्या लक्षात यायचं, की आपण काही बोललो, भाजी संपली म्हणालो किंवा वीजवाला येऊन गेला म्हणालो, की मुलगी क्षणभर आपल्या तोंडाकडे बघते. मग भाजीची टोपली उघडून पाहते.

एकदा दुपारी दोघी चादरीच्या घड्या घालत होत्या. दोन टोकं मुलीच्या हातात, दोन आईच्या.

"आई," मुलगी म्हणाली, "माझ्याशी कधी खोटं बोललीस का गं?"

"कान तापात गेला म्हणाले होते मी, ते," आई म्हणाली.

"त्याशिवाय?"

आईनं चादरीची टोकं जुळवली. "नाही."

मुलीनं तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

"बरं," ती म्हणाली, आणि आपली टोकं आईच्या हातात दिली.